जनावरांचा घटसर्प, छातीचे आजार आणि घशात ओतला जाणारा काढा : मृगाआधी बोलून घेऊ

वारणेकाठचा

मंडळी, नमस्कार.

मी वाळवा तालुक्यात दूध संकलनाचं काम करतो. गेल्या आठवड्यात आमच्याकडं वळीव झाला आणि दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या एका काकींची मुऱ्हा म्हैस गेली. दुसऱ्या वेताची, भरात आलेली म्हैस. आदल्या संध्याकाळी तिनं आंबोणाला तोंड लावलं नाही, दूध निम्म्यावर आलं, तोंडातून लाळेची तार सुटली होती. घरचे म्हणाले, पावसात भिजलीय, थंडी भरली असेल. रात्री ओवा, हळद आणि गुळाचा काढा केला. दोघांनी मान वर धरली आणि बाटली घशात रिकामी केली.

पहाटे मला बोलवायला आले. गळ्यापासून पोळीपर्यंत सूज, हात लावला तर गरम आणि घट्ट. जीभ बाहेर आलेली, आणि श्वासाची घरघर रस्त्यापर्यंत ऐकू येत होती. डॉक्टर आले तेव्हा ताप 106 च्या वर होता. शिरेत इंजेक्शन दिलं, पण दुपार व्हायच्या आत म्हैस गेली. डॉक्टरांनी कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब काचेवर घेतला होता. तपासून सांगितलं, घटसर्प.

गेल्या वर्षी लसीचं पथक गावात आलं त्या दिवशी ही म्हैस माळाला होती, म्हणून राहून गेली. नंतर कुणी विचारलं नाही.

मृग तोंडावर आलाय, म्हणून हा धागा काढतोय. माझं म्हणणं सरळ आहे. धाप लागलेल्या जनावराच्या घशात काहीही ओतायचं नाही, आधी ताप मोजायचा, आणि 104 दिसला की त्याच तासाला डॉक्टरला फोन करायचा. इथं पशुवैद्य आहेत, माणदेशातले मेंढपाळ आहेत, गोठा सांभाळणाऱ्या ताई आहेत. प्रत्येकानं आपल्याकडचं सांगावं. घटसर्पापुरतंच नाही, छातीचे जेवढे आजार जनावरांना होतात तेवढ्यांवर बोलू.

कोयनाखोरे_पशुवैद्य

वारणेकाठचे दादा, वेळेवर धागा काढलात. जरा सविस्तर लिहितो.

घटसर्प होतो पाश्चुरेला मल्टोसिडा नावाच्या जिवाणूमुळे. आपल्याकडे गाई-म्हशींत त्याचा बी : 2 हा प्रकार सापडतो. लोकांना वाटतं हा जंतू पावसाबरोबर वरून येतो. तसं नाही. कळपातल्या काही धडधाकट दिसणाऱ्या जनावरांच्या घशातल्या गाठींमध्ये तो आधीपासून बसलेला असतो. ओल्या मातीत, चिखलात तो काही दिवस टिकतो, वर्षभर नाही. उन्हाळ्यात वैरण कमी पडलेली असते, जनावर उतरलेलं असतं, त्यात पहिला पाऊस, दमट हवा, ओला गोठा. अंगातली ताकद घटली की घशातला जंतू रक्तात उतरतो, आणि लाळेतून, नाकातल्या शेंबडातून शेजारच्या दावणीला पोचतो. म्हशीला गाईपेक्षा हा आजार फार जड जातो. गळ्याला सूज दिसायला लागली की बहुतेक म्हशी वाचत नाहीत. काही तर सूज यायच्या आतच जातात.

उपचार आहेत. सल्फा गटातली औषधं, ऑक्सिटेट्रासायक्लिन, एन्रोफ्लॉक्सासिन यांना हा जंतू दाद देतो, पण ती ताप चढल्याबरोबर, सूज यायच्या आधी मिळाली तर. म्हणून तुमचं ताप मोजायचं म्हणणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गाईचं तापमान साधारण 101 ते 102 फॅरनहाइट असतं, म्हशीचं त्याहून किंचित कमी, शेळी-मेंढीचं 102 ते 103. मेडिकलमध्ये मिळणारा साधा डिजिटल थर्मामीटर चालतो. टोकाला तेल लावून गुदद्वारात, आतल्या भिंतीला टेकेल असा धरायचा. शेणाच्या गोळ्यात रुतला तर आकडा चुकतो. गोठ्यात एका जनावराला घटसर्प झाला असेल तर बाकीच्या सगळ्यांचा ताप सकाळ-संध्याकाळ घ्या. ज्याचा चढला त्याला अजून सूज नाही, ते खातंय, तरीही लगेच औषध चालू करता येतं. हीच जनावरं वाचतात. माझ्या कामात वाचलेल्या म्हशी आठवल्या तर त्या जवळजवळ सगळ्या अशाच आहेत, पहिल्या नव्हेत, दावणीतल्या दुसऱ्या-तिसऱ्या.

आता काढ्याचं. घसा सुजलेल्या जनावराला गिळता येत नाही. मान वर ओढली की श्वासनळीचं तोंड उघडं राहतं, आणि बाटलीतलं निम्मं फुप्फुसात जातं. घटसर्पातून एखादं वाचलं तरी या पाजण्यानं दोन-तीन दिवसांत फुप्फुस सडतं, श्वासाला घाण वास येतो, आणि मग कुठलंच औषध पुरत नाही. पोट फुगलं म्हणून तेल पाजताना, जंताचं औषध देताना, दूधज्वरानं आडव्या पडलेल्या गाईला गुळाचं पाणी देताना हेच होतं. नाकातून पाजणं तर पूर्ण बंद करा.

खटावचा_बैलवाला

डॉक्टर, राग मानू नका. आमच्या आज्ज्यापासून गळ्याला डाग द्यायची पद्धत आहे. मी स्वतः खोंड वाचलेला बघितलाय. सगळंच जुनं खोटं कसं म्हणायचं?

कोयनाखोरे_पशुवैद्य

राग कशाला मानू. तुम्ही पाहिलेला खोंड वाचला असेल. पण गळ्याला आलेली प्रत्येक सूज घटसर्पाची नसते. जबड्याखाली गळू होतं, लिव्हरफ्लूक म्हणजे यकृतातल्या चपट्या जंतानं जबड्याखाली पाणी साठतं, साप किंवा गांधीलमाशी चावली तरी तोंड सुजतं. यातली काही जनावरं आपोआप बरी होतात आणि श्रेय डागाला जातं. घटसर्पात जंतू रक्तात पसरलेला असतो, कातडी जाळून तो मरत नाही. शिवाय तापलेल्या, श्वासासाठी झगडणाऱ्या जनावराला चौघांनी पाडून डाग देताना त्याचा उरलासुरला दम जातो.

तुमच्या आज्ज्याच्या काळात लस दारात येत नव्हती. आज पुण्याला औंधमध्ये पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत ती तयार होते आणि तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत येते.

खटावचा_बैलवाला

पटलं. पण मग पुसेगावच्या यात्रेहून, खरसुंडीहून बैल आणतो तेव्हा काय करायचं? तिथं कुठून कुठून जनावरं येतात.

कोयनाखोरे_पशुवैद्य

नवं जनावर निदान 15 दिवस ते 3 आठवडे वेगळं बांधा. वेगळी बादली, वेगळी गव्हाण. आधी आपल्या जुन्यांना चारा-पाणी करा, नव्याकडे शेवटी जा. कारखान्याच्या हंगामात बीड-नगरकडून ऊसतोडीची बैलं येतात, तिथंही एकाच हौदावर पाणी पाजू नका. येणाऱ्या माणसांचा यात काही दोष नाही. लांबचा प्रवास करून दमलेल्या बैलाच्या घशातला जंतू जागा होतो, त्याला स्वतःलाही धोका असतोच. त्या बैलांनाही लस मिळावी यासाठी कारखान्यानं आणि दवाखान्यानं मिळून तळावर एक दिवस ठेवायला हवा.

अंकलखोपचा_शेतकरी

कृष्णाकाठच्या गावांसाठी एक मुद्दा राहतोय. 2005 ला, 2019 ला आणि 2021 ला पूर आला तेव्हा आम्ही जनावरं सोडवून उंचावर नेली. शाळेच्या मैदानात, रस्त्याकडेला, नातेवाइकांच्या गोठ्यात. चार-पाच गावांची गुरं खेटून उभी, खाली चिखल, वरून पाऊस, वैरण भिजलेली. डॉक्टरांनी वर जे जे कारण सांगितलंय ते सगळं पूरछावणीत एकत्र येतं. पाणी चढायला लागल्यावर लस टोचून उपयोग होत नाही ना?

कोयनाखोरे_पशुवैद्य

बरोबर. लस टोचल्यापासून पुरेशी ताकद तयार व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात. आपल्याकडे पुराचं पाणी जुलैच्या शेवटी, ऑगस्टमध्ये येतं. मे महिना ते फार तर जूनचा पहिला पंधरवडा, या वेळेत लस झाली तर जनावर पुराला तयार असतं. नदीकाठच्या गावांचा नंबर तालुक्यात सगळ्यात आधी लागला पाहिजे, असं मी दरवर्षी सांगतो.

लसीत दोन प्रकार आहेत. तुरटीच्या क्षाराचा आधार असलेली लस चार ते सहा महिने पुरते. तेलाचा आधार असलेली नऊ महिने ते वर्षभर. कुठली टोचली ते विचारून डायरीत लिहून ठेवा, म्हणजे पुढची केव्हा ते कळेल. दोन्ही 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवायच्या, आणि गोठवायच्या अजिबात नाहीत. बर्फाला बाटली चिकटून गोठली तर ती लस गेली. पथक येईल तेव्हा बर्फाचा डबा आहे का, बाटली बर्फात थेट रुतवलेली नाही ना, हे बघायचा तुम्हाला हक्क आहे. विचारल्यावर चांगल्या कर्मचाऱ्याला वाईट वाटत नाही.

माणदेशी_वाडा

राम राम. आमचा मेंढरांचा वाडा दिवाळीनंतर कोकणात उतरला व्हता, आत्ता वर आलाय. मेंढरं बरी हायती. पर बरोबर धा-बारा शेरडं हायती, पोरक्या कोकरांस्नी दूध पाजाया ठेवतो ती. त्यातली चार खोकत्यात. नाकाला चिकट शेंबूड, चालताना मागं पडत्यात, एक तर पुढचं पाय फाकून मान ताणून हुबं ऱ्हातंय, बसंना. एक काल मेलं. मेडिकलवाल्यानं पेनिसिलीन दिलं, तीन दिस टोचलं, फरक न्हाई. मेंढरांस्नी लागंल का? काय करावं?

कोयनाखोरे_पशुवैद्य

बाबा, पहिलं काम, खोकणारी शेरडं आत्ताच वेगळ्या वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात काढा. पाण्याचं भांडंही वेगळं ठेवा.

पेनिसिलीननं फरक पडला नाही, आणि शेळ्याच खोकतायत, मेंढरं बरी आहेत, यावरून माझा पहिला संशय शेळ्यांच्या सांसर्गिक फुप्फुसदाहावर आहे. त्याला आम्ही सीसीपीपी म्हणतो. तो मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूनं होतो. पेनिसिलीन जंतूची बाहेरची भिंत बांधू देत नाही, असं त्याचं काम चालतं. मायकोप्लाझ्माला ती भिंतच नसते, म्हणून कितीही टोचलं तरी त्याला काही होत नाही. त्याला टायलोसिन, ऑक्सिटेट्रासायक्लिन अशी वेगळी औषधं लागतात, तीही डॉक्टरांनी वजन बघून ठरवलेली. पाय फाकून, मान ताणून उभं राहणं हे छातीत पाणी भरून दुखत असल्याचं लक्षण आहे. बसलं की फुप्फुस दबतं, म्हणून ते बसत नाही.

पण फोटो न बघता, छातीला नळी न लावता मी नक्की सांगणार नाही. पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग म्हणतात तो असला तर तोंडात फोड येतात, हिरड्यांवर कोंड्यासारखा थर दिसतो, डोळ्यांतून चिपाडं, आणि पातळ संडास. तो विषाणूचा आजार, मेंढरांनाही होतो, आणि त्यानं दुबळ्या झालेल्या फुप्फुसात मग जिवाणू घुसतात. तिसरं म्हणजे मॅनहेमिया हीमोलिटिका. हा जंतू निरोगी मेंढराच्या नाका-घशात असतोच. लांबची चाल, लोकर कातरल्यावर आलेला पाऊस, टेम्पोत कोंबून केलेला प्रवास, अशा वेळी तो फुप्फुसात उतरतो आणि दोन दिवसांत कोकरं पटापट जातात. आणि फुप्फुसातले जंतही असतात, त्यांना कुठलंच अँटिबायोटिक चालत नाही, त्यासाठी लेंड्या तपासाव्या लागतात.

आता कालच्या मेलेल्या शेरडासारखं दुसरं कुठलं गेलं, तर पुरायच्या आधी दवाखान्यात फोन करा. डॉक्टर छाती उघडून बघतील. सीसीपीपीत बहुतेक वेळा एकाच बाजूचं फुप्फुस खराब होतं, छातीच्या आत गवती पिवळं पाणी असतं आणि फुप्फुस बरगडीला चिकटलेलं असतं. एवढं बघितलं तरी बाकीच्या कळपाची दिशा ठरते. मात्र नाका-तोंडातून न गोठलेलं काळं रक्त आलं असेल आणि मेलेलं फार लवकर फुगलं असेल तर कुणीही चाकू लावू नये, तो काळपुळीचा (अँथ्रॅक्सचा) संशय असतो. उघडलं की हवा लागून त्याचे बीजाणू तयार होतात आणि जमिनीत कित्येक वर्षं राहतात.

माणदेशी_वाडा

वाघर येगळी केली आत्ताच. तोंडात बघितलं, फोड न्हाईत. सकाळी जनावरांच्या डॉक्टरच्या 1962 नंबरला फोन लावतो. आमी आज हितं उद्या तितं, दवाखाना कुठला धरायचा ह्योच घोर असतोय.

जतची_मेंढपाळीण

भाऊ, फिरत्या पथकाला गावाचं नाव आणि जवळची खूण सांगितली तर येतात. आमच्याकडं आले होते. आणि पीपीआरची लस चुकवू नका, एकदा टोचली की तीन वर्षं तरी राहते. माझ्याकडं माडग्याळी मेंढ्या आहेत. आता माडग्याळी नराला जी किंमत येते ती बघता एक कोकरू गेलं तरी घर हलतं. आम्ही बाजारातून आणलेलं मेंढरू तीन आठवडे बाहेरच्या खोपीत ठेवतो. आटपाडीच्या शनिवारच्या बाजारात विकायला नेलेलं न विकता परत आलं, तरी तसंच. शेजारी हसायचे, आता तेही करतात.

रांजणीला आणि दहिवडीला मेंढी-शेळी महामंडळाची प्रक्षेत्रं आहेत, तिथली मांडणी एकदा बघून या सगळ्यांनी. वारा कुठून येतो, पिल्लं कुठं, आजारी कुठं, हे नीट कळतं.

कराडची_गोठेवाली

माझा विषय वासरांचा. होल्स्टिन संकरित गाई आहेत. पूर्वी पावसाळ्यात आणि थंडीत वासरं खोकायची, नाकातून पांढरं यायचं, एखादं दगावायचं. डॉक्टरांचा खर्च वेगळाच. मग शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या एका शिबिरात मला दोन गोष्टी कळल्या, त्या इथं लिहिते.

एक म्हणजे चीक. आपल्याकडं जार पडेपर्यंत वासराला प्यायला सोडत नाहीत. सासूबाईंचा हा नियम होता, आमच्या सगळ्या भावकीचा आहे. वासरू आईच्या पोटातून रोगाशी लढायची ताकद घेऊन येत नाही, ती चिकातून मिळते. आणि आतड्याची ती ताकद शोषून घ्यायची दारं जन्मल्यापासून तासातासानं बंद होत जातात, दिवसभरानं मिटतात. पहिल्या सहा तासांत पोटभर चीक गेलाच पाहिजे. दिवसभरात वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा. 30 किलोचं वासरू असेल तर 3 लिटर. जार पडायची वाट बघायची गरज नाही, उलट वासरू पिताना जार लवकर सुटायला मदतच होते. खरवस नंतर. शेजाऱ्यांना वाटी द्यायची रीत मला प्रिय आहे, पण वासराचं पोट भरल्यावर.

दुसरं म्हणजे गोठ्यातली हवा. थंडी लागेल म्हणून आम्ही पोती, ताडपत्री लावून वासरांचा कोपरा बंद करायचो. पहाटे दार उघडल्या उघडल्या आत जा आणि वासराच्या नाकाएवढं खाली वाका. तिथं दोन मिनिटं श्वास घ्या. डोळे चुरचुरले, नाकात झणका आला, तर तो मुताचा अमोनिया आहे. उभ्या माणसाला तो तेवढा जाणवत नाही, खाली ओल्या जागेपाशी जास्त असतो. नाकातले, श्वासनळीतले जे बारीक केस धूळ आणि जंतू बाहेर ढकलतात ते अमोनियानं लुळे पडतात, आणि मग पाश्चुरेला, मायकोप्लाझ्मा यांना रस्ता मोकळा. आम्ही छपराच्या कडेची पोती काढली, खाली रोज कोरडं पाचट टाकतो, ओलं उचलतो. वरून वारा जातो, खाली वासराच्या अंगावर झोत येत नाही. खोकला एकदम कमी झाला. ऊस पट्ट्यात पाचट जाळतात, त्यापेक्षा वासराखाली घाला.

वारणेकाठचा

ताई, हे वाचून आमच्या संकलन केंद्राच्या फळ्यावर लिहितोय.

विटा_पोल्ट्री

कोंबड्यांमध्ये पण सीआरडी नावाचा श्वासाचा आजार येतो, त्यावर बोलाल का?

कोयनाखोरे_पशुवैद्य

थोडक्यात, तोही मायकोप्लाझ्माच, पण कोंबड्यांचा वेगळा. शेडमधला अमोनिया आणि गर्दी हे कारण तिथंही लागू. कॉलिस्टिन खाद्यात किंवा पाण्यात देऊ नका, 2019 पासून खाद्यजन्य प्राण्यांत त्यावर बंदी आहे. बाकीचं वेगळ्या धाग्यात बोलू, हा विषय मोठा आहे.

विश्रामबाग_सांगली

मी शेतकरी नाही, पण प्रश्न विचारते. आमचा लॅब्रॅडॉर आठ महिन्यांचा आहे. गावाला गेलो तेव्हा त्याला चार दिवस एका बोर्डिंगमध्ये ठेवलं होतं. आल्यापासून कोरडा खोकला सुरू आहे. घशात हाड अडकल्यासारखं करतो, शेवटी उमाळा येऊन पांढरा फेस टाकतो. खातो, खेळतो. माझ्या सासऱ्यांचं म्हणणं तोंडात हात घालून हाड काढू या. काय करू?

कोयनाखोरे_पशुवैद्य

ताई, तोंडात हात घालू नका. लस वेळेवर झालेल्या, घरातच वाढलेल्या, खेळणाऱ्या कुत्र्यात केनेल कफचीच शक्यता जास्त आहे. बॉर्डेटेला ब्रॉन्किसेप्टिका हा जिवाणू आणि सोबत एक-दोन विषाणू मिळून तो करतात. माणसाच्या डांग्या खोकल्याच्या जंतूचा हा जवळचा भाऊबंद. बरीच कुत्री एकत्र ठेवली की हवेतून पसरतो, बोर्डिंग, डॉग शो, पाळणाघर, कुठेही. धडधाकट कुत्रं बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत बरं होतं. गळ्याचा पट्टा काढून छातीचा पट्टा घाला, म्हणजे श्वासनळीवर ओढ बसणार नाही. धूप, उदबत्ती, डासांची कॉइल त्याच्या खोलीत नको. दुसऱ्या कुत्र्यांत नेऊ नका. ताप आला, खाणं सोडलं, नाकातून पिवळा-हिरवा शेंबूड आला तर न्यूमोनिया किंवा डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणूचा आजार असू शकतो, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. घरात कुणाची केमोथेरपी चालू असेल किंवा प्रतिकारशक्ती फार कमी असेल तर त्यांना लांब ठेवा, या जिवाणूची बाधा क्वचित अशा माणसांना होते. माणसाचं खोकल्याचं औषध देऊ नका. पुढच्या वेळी बोर्डिंगला ठेवायच्या आधी याची लस मिळते, त्यातली एक नाकात थेंब टाकून देतात.

आता सगळ्यांसाठी. हाड अडकल्यासारखं वाटणं हे पिसाळीचंही लक्षण असतं. कुत्र्यात आणि गाई-म्हशींतसुद्धा. घशाचे स्नायू लुळे पडतात, लाळ गळते, गिळता येत नाही, आवाज बदलतो. म्हशीच्या घशात काहीतरी अडकलं म्हणून तिच्या तोंडात कोपरापर्यंत हात घातलेली माणसं नंतर रेबीजची इंजेक्शनं घ्यायला धावतात. लाळ गळतेय आणि कारण माहीत नाही, अशा कुठल्याही जनावराच्या तोंडात उघडा हात घालू नका. बाटली घेऊन काढा पाजणाऱ्याचा हात नेमका तिथंच असतो.

विश्रामबाग_सांगली

बापरे, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. त्याची सगळी लसीकरणं झालेली आहेत. तरी संध्याकाळी दवाखान्यात नेते. धन्यवाद डॉक्टर.

तासगावकर_७

सगळं पटतं, पण डॉक्टर वेळेवर मिळत नाहीत त्याचं काय? आमच्या भागात रात्री फोन केला तर कुणी उचलत नाही. मग माणूस गावातल्या इंजेक्शनवाल्याला बोलावतो. तो एक टोचतो, पाचशे घेतो, दुसऱ्या दिवशी येत नाही.

वारणेकाठचा

ही तक्रार खरी आहे, आणि ती लेखी द्यायला हवी. 2009 च्या कायद्यानुसार घटसर्प हा नोंद करायचा आजार आहे. जनावराच्या मालकानं ग्रामपंचायतीला किंवा पशुवैद्यकाला कळवायचं असतं. कळवलं की दवाखान्याला त्या गावात यावं लागतं, आजूबाजूच्या जनावरांना लस द्यावी लागते. आपण मेलेलं जनावर गुपचूप ओढ्याला टाकतो, नोंद होत नाही, आणि मग आमच्याकडं पथक आलं नाही म्हणतो. सहा फूट खड्डा, चुना, आणि ग्रामपंचायतीत एक अर्ज, एवढं आपल्या हातात आहे. नदीत, कालव्यात टाकू नका, खालच्या गावाची जनावरं तेच पाणी पितात.

अर्धवट इंजेक्शनबद्दल मला दुधाच्या बाजूनं सांगायचंय. अँटिबायोटिक चालू असलेल्या म्हशीचं दूध कॅनमध्ये मिसळलं तर विरजण लागत नाही. दही धरणारे जंतूही त्या औषधानं मरतात. प्रत्येक औषधाला दूध किती दिवस बाजूला ठेवायचं ते ठरलेलं असतं, डॉक्टरांना विचारा आणि तेवढे दिवस केंद्रावर आणू नका. आमच्याकडं खरं सांगून दूध मागं ठेवणाऱ्याला आम्ही बोल लावत नाही. आणि एकच इंजेक्शन देऊन थांबलं की अर्धमेले राहिलेले जंतू त्या औषधाला सरावतात. पुढच्या वेळी तेच औषध शेजाऱ्याच्या जनावरालाही लागू पडत नाही.

कोयनाखोरे_पशुवैद्य

यात एक भर. तापासाठी काही जण अजून डायक्लोफिनॅक टोचतात. जनावरांसाठी त्यावर 2006 पासून बंदी आहे. ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं तर गिधाडांची किडनी बंद पडते, आपल्याकडची गिधाडं त्यानंच संपत आली. 2023 मध्ये किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅकवरही बंदी आली. मेलॉक्सिकॅम सुरक्षित आहे आणि स्वस्तही.

माणदेशी_वाडा

डॉक्टर येऊन गेलं. सीसीपीपीच म्हणलं, नमुनं घेतलं, पुण्याला औंधला रोग अन्वेषणला पाठवत्यात. नवीन औषध चालू केलंय. ते मान ताणून हुबं ऱ्हायलेलं शेरडू आज पाला खाल्लं थोडा. मेंढरांस्नी घटसर्पाची लस पण येत्या सोमवारी टोचणार हायती.

अंकलखोपचा_शेतकरी

आमच्या सोसायटीनं ठरवलंय, यंदा लसीच्या दिवशी जनावरं माळाला सोडायची नाहीत. आदल्या दिवशी दवंडी आणि डेअरीच्या ग्रुपवर मेसेज. ज्याचं राहील त्याचं नाव लिहून चार दिवसांनी दुसरी फेरी. डॉक्टर, शेवटचा प्रश्न. गेल्या वर्षी लसीनंतर मानेला गाठ आली आणि दोन दिवस दूध कमी झालं, म्हणून काही जण यंदा नको म्हणतायत. गाभण म्हशींचं काय?

कोयनाखोरे_पशुवैद्य

गाठ येते, विशेषतः तेलाच्या लसीनं. ती काही आठवड्यांत विरते. फोडू नका, त्यावर चुना-हळद थापू नका. दूध एक-दोन दिवस कमी होतं आणि परत येतं. शेवटच्या महिन्यातली गाभण म्हैस असेल तर पथकाला आधी सांगा. तिला पाडायचं नाही, पळवायचं नाही, शांतपणे दावणीलाच टोचायचं, की विण्याची वाट बघायची, हे ते तिला बघून ठरवतील. ताप असलेल्या जनावराला त्या दिवशी देत नाहीत, म्हणून थर्मामीटर तिथंही लागेल. रेडकांना चौथ्या ते सहाव्या महिन्यात पहिली मात्रा. दुसऱ्या फेरीच्या यादीत रेडकांची नावं वेगळी काढा, मोठ्यांच्या गडबडीत नेमकी तीच राहतात.